चार मिलिमीटरचं वर्तुळ

अलिबाग,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. चिऊ हिस,


परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. शिवाय या विषयात आकडेमोड आहे आणि ती कागदावरच बरी, म्हणून लिहायला बसलो. पगारातून साठवलेल्या पैशांत तुला स्पॉटिंग स्कोप घ्यायचा आहे आणि त्याला कधी फोन, कधी तुझा मिररलेस कॅमेरा लावून पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. दुकानदाराने तुझ्यापुढे २०–६० पट, २५–७५ पट असे आकडे ठेवले आणि तू मला विचारलंस, की सगळ्यांत जास्त पट कशात मिळेल. चिऊ, पट किती हे सगळ्यांत शेवटी बघायचं. आधी प्रकाश बघायचा.

दुकानात गेलीस की स्कोप ट्रायपॉडवर लावून उजेडाकडे रोख. आयपीसला डोळा लावू नकोस, हातभर मागे सरकून बघ. आयपीसच्या मधोमध एक लख्ख गोल ठिपका दिसेल. पुढच्या मोठ्या भिंगातून आत शिरलेला सगळा प्रकाश त्या ठिपक्यातून बाहेर पडतो. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. त्याचा व्यास काढणं सोपं आहे: पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागायचं. भिंग ८० मिमीचं आणि पट २० असेल तर ठिपका ४ मिमीचा. त्याच स्कोपचा झूम ६० पटीवर नेलास की तो १.३ मिमीचा होतो.

आता तुझा फोन घे. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याचं प्रकाश आत घेणारं छिद्र साधारण साडेतीन-चार मिलिमीटरचं असतं. म्हणजे २० पटीवर स्कोपमधून येणारा ठिपका ते छिद्र पुरेपूर भरतो. ६० पटीवर ठिपक्याचा व्यास तिसऱ्या हिश्शावर येतो आणि क्षेत्रफळ नवव्या. म्हणून २० पटीवर शटरला १/९०० सेकंद पुरत असेल, तर त्याच आयएसओला ६० पटीवर १/१०० सेकंद लागतो. वर चित्र तिप्पट मोठं झाल्यामुळे ट्रायपॉडची प्रत्येक थरथरही तिप्पट दिसते. चिखलात सारखी चोच मारणारी तुतारी १/१०० सेकंदात स्थिर येत नाही. तिचं शरीर ओळखू येतं, चोचीचा मात्र नुसता पट्टा उमटतो. ज्या स्कोपच्या खोक्यावर ७५ पट असं ठळक छापलेलं असतं, त्या स्कोपचा शेवटच्या तिसऱ्या भागातला झूम फोटोसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. तू ज्या पटीवर खरोखर फोटो काढशील ती २० ते ३५ मधली. त्या पट्ट्यात स्कोप कसा आहे, एवढंच पारख.

आणि एवढी पट कमी नसते. फोनचा मुख्य कॅमेरा ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २४–२६ मिमीचा असतो. त्याला ३० पटीने गुण, म्हणजे साडेसातशे मिलिमीटरच्या आसपासची टेलिफोटो झाली. मिररलेसला ५० मिमीचं भिंग लावून २० पटीच्या आयपीसमागे धरलंस तर १००० मिमी, आणि तुझ्या कॅमेऱ्याचा लहान सेन्सर धरला तर दीडपट, १५०० मिमी. पण इथे दुसरा भागाकारही कर: ५० गुणिले २०, भागिले ८०. म्हणजे तुझं भिंग एफ/१.८ चं असलं तरी फोटो एफ/१२.५ वर निघतोय. भिंगाचं ॲपर्चर पूर्ण उघडं ठेव, कारण बंद केलंस तर प्रकाश आणखी जाईल आणि कडाही काळ्या पडतील.

फोटोभोवती येणाऱ्या काळ्या वर्तुळाबद्दल तू विचारलं होतंस. ते आयपीसवर अवलंबून असतं, आणि या खरेदीत मी सगळ्यांत जास्त वेळ आयपीसवरच घालवीन. २०–६० पटींचे नेहमीचे झूम आयपीस २० पटीवर अरुंद दिसतात, नळीतून बघितल्यासारखे. फोनचं भिंग मात्र खूप रुंद बघतं, म्हणून फोटोत मधे गोल चित्र आणि भोवती अंधार. फोनवर दीड-दोन पट झूम केलास की वर्तुळ चौकटीबाहेर जातं. तेवढं चालतं. तरीही ३० पटीच्या आसपासचा, झूम नसलेला, रुंद दृश्याचा आयपीस मिळत असेल तर तो आधी बघ. त्यात दृश्य मोठं असतं, भिंगं कमी असतात, आणि आय रिलीफ चांगला असतो. आय रिलीफ म्हणजे आयपीसच्या काचेपासून तो लख्ख ठिपका किती लांब तयार होतो ते अंतर. कॅमेऱ्याच्या भिंगाचं छिद्र नेमकं त्या जागी यायला हवं. ते अंतर १७–२० मिमी असेल तर फोन स्कोपला जोडणाऱ्या अॅडॅप्टरची जाडी, फोनच्या भिंगावरची काच हे सगळं त्यात मावतं. १२ मिमी असेल तर फोन काचेला टेकवूनही एका बाजूने काळी कोर येत राहते. झूमच हवा असेल तर २५–५० पटींचे रुंद झूम आयपीस मिळतात. महाग आहेत, पण पैसे त्यातच घालावेत असे आहेत.

हा सगळा उद्योग सुरू झाला तोही या छिद्रांच्या जुळणीतूनच. १९९९ मध्ये मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी निकॉनचा कूलपिक्स ९५० हा कॅमेरा आपल्या स्कोपच्या आयपीसला लावून बघितला. जेमतेम दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, पण त्याचं पुढचं भिंग लहान होतं आणि झूम करताना ते बाहेर येत नसे, आतल्या आतच हलत असे. त्यामुळे ते आयपीसच्या ठिपक्यावर चपखल बसलं. पो यांनी ते तंत्र हातचं राखलं नाही, जगभरच्या पक्षीनिरीक्षकांना सांगितलं, आणि पुढची काही वर्षं कूलपिक्सचे त्याच घडणीचे कॅमेरे पक्षीवाल्यांनी शोधून शोधून घेतले. आज तुझ्या खिशातल्या फोनचं भिंग त्याहूनही लहान आहे. म्हणून सुरुवात फोननेच कर, मिररलेस नंतर.

फोनची एक खोड मात्र ध्यानात ठेव. आता फोनला दोन-तीन भिंगं असतात आणि उजेड कमी-जास्त झाला की तो आपल्या मनाने एकातून दुसऱ्यात जातो. स्कोपचा प्रकाश एकाच भिंगात शिरत असतो, त्यामुळे ऐन वेळी पडदा काळा होतो. भिंग पक्कं ठरवून ठेवता येईल असं कॅमेऱ्याचं अॅप घे, आणि फोकस व एक्स्पोजरही बोटाने दाबून पक्कं कर. पांढरा बगळा असेल तर एक्स्पोजर थोडं खाली ओढ, नाहीतर त्याची पिसं नुसती पांढरी फट्ट येतात. शटर पडद्यावर दाबू नकोस. वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटण किंवा ब्लूटूथचा छोटा रिमोट वापर.

भिंग ६५ चं घ्यावं की ८० चं? ८० मध्ये ६५ च्या दीडपट प्रकाश येतो, ९५ मध्ये दुपटीहून थोडा जास्त. पण ८० च्या पुढचे स्कोप आयपीससकट दीड-दोन किलोचे होतात आणि त्यांना पेलणारा ट्रायपॉड तेवढाच जड लागतो. तू ठाण्याहून लोकलने आणि एसटीने हिंडणार. फोटो मुख्य असतील तर ८० ते ८५ मिमी घे. घरी राहणाऱ्या मोठ्या स्कोपपेक्षा सोबत येणारा ६५ चा स्कोप बरा असं म्हणतात. बघण्यासाठी ते खरं आहे, फोटोसाठी मात्र मला ते पटत नाही. थंडीत सकाळी सातच्या उजेडात दीडपट प्रकाशाचा फरक चांगलाच कळतो.

आयपीस ४५ अंशांत वळलेला असलेलाच स्कोप घे. सरळ स्कोपने पक्षी पटकन सापडतो हे मान्य, पण वळलेल्या आयपीसमुळे ट्रायपॉड खाली ठेवता येतो, आणि खाली ठेवलेला ट्रायपॉड वाऱ्याला कमी हलतो. शिवाय किनाऱ्यावर एखादं लहान पोर ‘काका, बघू का’ म्हणत येतंच. त्याला टाचा न उंचावता बघता येतं.

काचेची पारख अशी. ईडी किंवा फ्लोराइट काच नसलेल्या स्कोपमध्ये उजळ आणि काळ्याच्या सीमेवर जांभळी किंवा हिरवी किनार येते. कांदळवनाच्या काळोखापुढे उभा बगळा हा त्याचा खरा परीक्षक, पण दुकानातून तो दिसणार नाही. तेव्हा उजळ आभाळापुढचा मोबाइल टॉवर किंवा अँटेना बघ. डोळ्याला चालून गेलेली किनार फोटोत जास्त उठून दिसते. मग लांबची एखादी पाटी घे आणि सगळ्यांत जास्त पटीवर फोकसचं चाक फिरव. चांगल्या स्कोपमध्ये अक्षरं एका जागी खट्‌कन स्पष्ट होतात. वाईटात चाक पुढेमागे करत राहावं लागतं आणि कुठेच समाधान होत नाही. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघतीलच असं नाही. म्हणून जो नग तपासलास तोच बांधून घे, ‘गोडाऊनमधून नवा काढून देतो’ याला हो म्हणू नकोस.

नावांविषयी थोडक्यात. ऑस्ट्रियाची स्वारोव्स्की, जपानची कोवा, जर्मनीच्या झाइस आणि लायका, हे वरचे. कोवाच्या ८८ मिमीच्या स्कोपमध्ये फ्लोराइट स्फटिकाचं भिंग आहे. स्वारोव्स्कीने २०१२ मध्ये पुढचा भाग आणि आयपीस सुटे करून ६५, ८५, ९५ मिमीचे पुढचे भाग बदलता येतील अशी सोय आणली. हे सगळे काही लाखांच्या घरातले, आणि तुला आज त्यांची गरज नाही. मधल्या किमतीत ईडी काचेचा, ८० मिमीच्या आसपासचा, दुहेरी फोकसचा स्कोप घे. दुहेरी म्हणजे एक चाक भरभर आणि एक सावकाश. फोनच्या पडद्यावर बघून बारीक फोकस करताना ते सावकाश चाकच उपयोगी पडतं.

तू ज्या पैशांचा विचार केला आहेस त्यातला तिसरा हिस्सा ट्रायपॉड आणि हेडसाठी बाजूला काढ. हे मी आग्रहाने सांगतो. स्कोपच्या दुकानात ट्रायपॉड फुकट देतात तो घेऊन घरी ठेव. तुला लागेल तो जाड पायांचा, आणि त्यावर व्हिडिओवाल्यांचं फ्लुइड हेड, लांब दांड्याचं. बॉल हेड नको, कारण पकड ढिली केली की स्कोप एकदम पुढे किंवा मागे कलंडतो. फोन किंवा कॅमेरा मागे लावला की तोल मागे जातो, तेव्हा खालची पट्टी पुढेमागे सरकवता येणारी हवी. किनाऱ्यावर पायांचे शेवटचे बारीक टप्पे उघडू नकोस, मधला खांब वर काढू नकोस, आणि घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धू. खारं पाणी आणि वाळू मिळून वर्षभरात पकडी घट्ट बसवतात.

आता एक अशी गोष्ट, जिच्यापुढे कुठल्याही किमतीची काच चालत नाही. हवा. ऊन चढलं की चिखलाच्या मैदानावरून तापलेली हवा वर उठते आणि दोनशे मीटरवरचा शेकाट्या पाण्यात बुडाल्यासारखा लहरत दिसतो. पट वाढवलीस की त्या लहरीच मोठ्या होतात. थंडीत सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास कामाचे. नंतर स्कोप बघायला वापर, फोटो राहू दे. त्या दोन तासांतही एकेक फोटो काढू नकोस. लहरी क्षणभर शांत होतात आणि कधी हे आधी कळत नाही. म्हणून एकामागून एक वीस-तीस फोटो घे, नाहीतर व्हिडिओ घेऊन त्यातली स्वच्छ चौकट निवड.

स्कोपला न मानवणाऱ्या जागाही आहेत. होडीत तो नेऊ नकोस. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या फेरीत किंवा उजनीच्या पाण्यावर कुंभारगावच्या होडीत दुर्बीणच बरी. नांदूर मधमेश्वरला मनोऱ्यावर पाच माणसं चालत असली की ३० पटीत सगळा तलाव हलतो. तिथे खाली बांधावर ट्रायपॉड लाव. आणि उडत्या पक्ष्याचे फोटो हे तुझं मुख्य वेड असेल तर स्कोप घेऊच नकोस. हाताने फोकस करत उडती घार पकडणं मोठ्या जिद्दीचं काम आहे. १५०–६०० मिमीचं झूम भिंग तिथे वाजवी.

नुसते फोटोच हवेत, तासन्‌तास बघत बसायचं नाही, असं असेल तर तेही मला स्पष्ट सांग. निकॉनचा २०१८ चा कूलपिक्स पी१००० टोकाला ३००० मिमीच्या हिशेबाने फोटो काढतो. तिथे त्याच्या भिंगाची खरी लांबी ५३९ मिमी आणि ॲपर्चर एफ/८, म्हणजे प्रकाश घेणारं तोंड ६७ मिमीचं. ६५ च्या स्कोपएवढं, आणि फोकस आपोआप. नुसत्या फोटोसाठी तो स्वस्तात पडतो आणि अॅडॅप्टरचा त्रास नाही. तरी तू स्कोप घ्यावास असं मला वाटतं, कारण त्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात तू दहा मिनिटांत थकशील. स्कोपमध्ये एकाच पाणथळीकडे सकाळभर बघता येतं. आणि दोनशे गॉडविटांच्या थव्यात एक वेगळा आहे, हे तसं बघत बसल्यावरच लक्षात येतं. काळ्या शेपटीच्या गॉडविटची पाठ हिवाळ्यात एकसारखी करडी असते, पट्टेदार शेपटीच्या गॉडविटच्या पाठीवर गडद रेघा असतात. ते आधी डोळ्यांनी बघायचं आणि मग फोटोत पक्कं करायचं.

कामाचा फोटो म्हणून मात्र मी खूण घातलेल्या पक्ष्याच्या फोटोला सगळ्यांत वर ठेवतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी अनेक दशकं पक्ष्यांच्या पायांत कडी घालत आली आहे. त्याशिवाय किनाऱ्यावरच्या लहान पक्ष्यांच्या पायांवर अक्षर-आकडे कोरलेले रंगीत झेंडे असतात, आणि मंगोलियात गळपट्टे घातलेले पट्टकादंब हिवाळ्यात भारतात उतरलेले लोकांनी नोंदवले आहेत. आपला किनारा मध्य आशियाई उड्डाणमार्गावर आहे, त्यामुळे असा झेंडेवाला पक्षी तुझ्याही समोर येऊ शकतो. तेव्हा फोटो सुंदर नसला तरी चालेल. झेंड्याचा रंग, तो कुठल्या पायावर, गुडघ्याच्या वर की खाली, आणि अक्षरं, एवढं हवं. पाय वळेल तसे अनेक फोटो घे, मूळ फाइल न कापता ठेव आणि सोसायटीला तारीख-जागेसकट कळव.

हे सगळं तू लांब उभी राहून करू शकतेस, म्हणून मला या साधनाचं एवढं प्रेम आहे. भरतीच्या वेळी किनाऱ्यावर दाटीने विसावलेल्या चिखल्या आणि तुताऱ्या ओहोटीची वाट बघत शक्ती राखून असतात. हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासाची चरबी त्यांना इथेच साठवायची असते. फोटोसाठी चार पावलं पुढे गेलेला माणूस सगळा थवा उठवतो, आणि ते पुन्हा पुन्हा होतं. मी ते इथल्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात बघतो आणि मला फार वाईट वाटतं. स्कोपवाल्याला पुढे जायची गरज नाही. तू जागा धर आणि पाण्याला काम करू दे. भरती चढत येते तसे पक्षी आपणहून तुझ्या बाजूला सरकतात. एखादा मान उंच करून तुझ्याकडेच बघायला लागला, खाणं थांबवलं, की समज आपण जास्त जवळ आहोत, आणि बसल्याबसल्याच थोडी मागे हो.

पावसाळ्यातलं जपणं. आपल्या कोकणी दमटपणात भिंगांवर बुरशी धरते. नायट्रोजन भरून बंद केलेला, पाणी न शिरणारा स्कोप घेतलास तर आतली भिंगं बचावतात. पण आयपीस सुटा होत असेल तर तो सांधा उघडा राहू देऊ नकोस. कापडी खोळीत घालून कपाटात टाकू नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेव. किनाऱ्यावरून आल्यावर काच पुसण्याआधी फुंकणीने वाळू उडव, मगच कापड लाव.

तेव्हा शनिवारी दुकानात जाताना फोन घेऊन जा, त्याचं कव्हर काढून, अॅडॅप्टरसकट. मोजपट्टीही ने आणि तो लख्ख ठिपका प्रत्यक्ष मोज. छापील आकड्याशी जुळला नाही तर तसं दुकानदाराला सांग आणि दुसरा स्कोप बघ. वॉरंटी भारतातली आहे ना, हेही विचार.

आणि स्कोप आला की इकडे ये, आपण आक्षीला जाऊ. सुरूच्या बनाकडे पाठ करून उभं राहिलं की सकाळचं ऊन मागून येतं आणि समुद्राकडचे सगळे पक्षी उजळ दिसतात. तुमच्या भांडुपच्या खाडीला हेच उलटं, तिथे दुपारनंतर. इथले कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो, ढोबळ मानाने. आपल्याला पाणी चढतं असताना सकाळचं ऊन हवं, म्हणजे भरती नऊच्या सुमाराची. ती द्वादशीला येते. पौष शुद्ध द्वादशीला तुझी सुट्टी जुळते का बघ आणि आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला ये, कारण साडेसहाला आपल्याला वाळूत असायला हवं.

घरी सर्वांना आशीर्वाद.

तुझे,
आजोबा